पदवी आहे, मग माध्यमिक शिक्षकाचं प्रशिक्षण मिळेल का? मलिंगार (आयर्लंड) इथल्या आपल्या मुलांसाठी माहिती



आपल्या घरांतली मुलं आता मुंबई, ठाणे, पुणे आणि इस्रायलपुरती राहिलेली नाहीत. कुणी आयर्लंडला नोकरीसाठी गेलं, तिथल्याच एखाद्या गावात घर घेतलं, मुलं तिथल्या शाळेत वाढली. मग एक दिवस फोनवर नात सांगते, "आजी, मला टीचर व्हायचंय." आजी म्हणते, "मग काय, बी.ए. कर, बी.एड. कर, झालं!" आपल्याकडे हे बहुतेक वेळा चालून जातं. आयर्लंडमध्ये मात्र या 'झालं' म्हणण्यातच कित्येकांची दोन-तीन वर्षं आणि हजारो युरो अडकतात. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहोत. उदाहरणाला मलिंगार हे गाव घेतलं आहे, पण नियम साऱ्या आयर्लंड प्रजासत्ताकाला सारखेच आहेत. उत्तर आयर्लंड, म्हणजे बेलफास्टकडचा भाग, ब्रिटनमध्ये येतो आणि तिथले नियम वेगळे आहेत.

थोडक्यात उत्तर

नुसती पदवी पुरत नाही. पदवी ऑनर्स दर्जाची हवी, आणि शाळेत शिकवला जाणारा निदान एक विषय त्या पदवीत पुरेशा प्रमाणात शिकलेला हवा. किती शिकलेला, ते क्रेडिटच्या आकड्यात मोजतात. आकडा भरला नाही तर पहिला वर्ग मिळाला असला तरी प्रशिक्षणाला प्रवेश मिळत नाही. त्यामुळे पदवी झाल्यावर हा प्रश्न विचारणं उशिराचं ठरतं. तो पदवीला प्रवेश घेतानाच विचारायला हवा.

आपल्याकडची जुनी रीत

आपल्या समाजाला शिक्षकी पेशा नवा नाही. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत जी इस्रायली शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. जोसेफ एझिकेल राजपूरकर डेव्हिड सॅसून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे हेडमास्तर होते आणि हिब्रू प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. पुढे त्यांनी इंग्लंडला जाऊन अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि १९२२ ते १९५० या काळात त्या कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. विद्वत्ता होतीच, तरी शिकवण्याचं शिक्षण त्यांनी वेगळं घेतलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या पिढीने मात्र दोन्ही प्रकार पाहिले. कुणी व्हर्नाक्युलर फायनल होऊन मास्तर झाले. कुणी बी.ए. होऊन आधी नोकरीला लागले आणि मागाहून बी.टी. केलं. बी.टी. म्हणजे आजचं बी.एड. मुंबईचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ सालचं, आणि तिथून शिकून आलेल्या शिक्षकांचा शाळेत वेगळाच मान असायचा. बी.एड. बरीच वर्षं एका वर्षाचं होतं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. त्याला प्रवेश घ्यायचा तर पदवीला साधारण पन्नास टक्के गुण लागतात आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवीत कुठला विषय किती पेपरांचा होता, याची फार बारीक मोजदाद प्रवेशाच्या वेळी होत नाही. आपल्याकडच्या आणि तिकडच्या पद्धतीत मुख्य फरक आहे तो इथेच.

मलिंगार कुठे आहे?

मलिंगार हे आयर्लंडच्या मध्यभागातलं, वेस्टमीथ परगण्याचं मुख्य गाव. डब्लिनपासून ते पश्चिमेला साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे. रॉयल कॅनॉल गावातून जातो, आणि लॉख एनेल व लॉख ओवेल ही दोन मोठी तळी जवळच आहेत. डब्लिन ते स्लायगो हा रेल्वेमार्ग गावातूनच जातो. त्या गाडीचा आपल्या विषयाशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

इंग्रजी साहित्य वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. जेम्स जॉइस यांच्या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'युलिसीस' कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम याचे वडील हंगेरीहून आलेले यहुदी दाखवले आहेत. त्याची पंधरा वर्षांची मुलगी मिली मलिंगारलाच एका फोटोग्राफरकडे काम शिकत असते आणि तिथून बापाला पत्र लिहिते. कादंबरीतली का होईना, एका यहुदी बापाची लेक या गावी कामाला होती!

गावात माध्यमिक शाळा चांगल्या आहेत. लोरेटो कॉलेज, कोलाश्ते व्हुरे, सेंट फिनियन्स कॉलेज आणि मलिंगार कम्युनिटी कॉलेज ही त्यांतली काही नावं. इथे 'कॉलेज' म्हणजे शाळाच बरं का, नाहीतर घोटाळा होतो. जवळच मल्टीफार्नमला विल्सन्स हॉस्पिटल स्कूल आहे. नावात हॉस्पिटल असलं तरी तीही शाळाच.

तिथली शाळा आणि पदवीचे दर्जे

आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळा आठ वर्षांची असते. पुढे साधारण बारा ते अठरा वयाची मुलं माध्यमिक शाळेत जातात, तिला तिकडे 'पोस्ट-प्रायमरी' म्हणतात. पहिली तीन वर्षं ज्युनियर सायकल, मग मनात असेल तर एक वर्ष ट्रान्झिशन इयर, आणि शेवटची दोन वर्षं सीनियर सायकल. शेवटी लिव्हिंग सर्टिफिकेटची परीक्षा. आपली दहावी आणि बारावी मिळून जो धसका असतो, तेवढा त्या एका परीक्षेचा असतो.

तिथे शिक्षणाच्या सगळ्या पात्रता दहा पायऱ्यांवर बसवलेल्या आहेत. साधी पदवी सातव्या पायरीवर, ऑनर्स पदवी आठव्या पायरीवर, मास्टर्स नवव्या आणि पीएच.डी. दहाव्या. माध्यमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणाला आठव्या पायरीची, म्हणजे ऑनर्स पदवी लागते. "माझा मुलगा ग्रॅज्युएट आहे" एवढं सांगून तिथे भागत नाही. पदवी सातव्या पायरीची की आठव्या, हा पुढचा प्रश्न लगेच येतो.

नियम कोण ठरवतं?

शिक्षकांची नोंदणी करणारी संस्था म्हणजे टीचिंग कौन्सिल. २००१ च्या कायद्याने ती ठरली आणि २००६ साली कामाला लागली. डॉक्टरला जशी मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, तशी शिक्षकाला हिची लागते. २८ जानेवारी २०१४ पासून या कायद्याचं तिसावं कलम लागू झालं. तेव्हापासून नोंदणी नसलेल्या शिक्षकाला सरकारी पैशातून पगार देता येत नाही. शाळेला माणूस कितीही पसंत असो, नोंदणीशिवाय कायमची नोकरी नाही. प्रशिक्षणाच्या प्रवेशाचे नियम इतके कडक का, याचं कारण यातच आहे. उद्या जिची नोंदणी होणार नाही, तिला प्रशिक्षण देऊन विद्यापीठ तरी काय करणार?

खरी मेख: विषय आणि क्रेडिट

युरोपात अभ्यासाचं माप क्रेडिटमध्ये करतात. पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट. तीन वर्षांची पदवी १८० क्रेडिटची, चार वर्षांची २४० ची. टीचिंग कौन्सिलचा नियम असा:

- पदवी आठव्या पायरीची आणि निदान १८० क्रेडिटची असावी.
- शाळेत शिकवला जाणारा निदान एक विषय पदवीत साधारण ६० क्रेडिटचा झालेला असावा. म्हणजे सगळी वर्षं मिळून, एका अख्ख्या वर्षाएवढा अभ्यास त्या एकाच विषयाचा हवा.
- त्यातले निदान १० क्रेडिट तिसऱ्या वर्षाच्या किंवा त्यापुढच्या पातळीचे असावेत. पहिल्या वर्षी विषय घेतला आणि सोडून दिला, असं चालत नाही.
- विषयाच्या ठरावीक शाखा त्यात आलेल्या असाव्यात. गणितासाठी विश्लेषण, बीजगणित, भूमिती, संभाव्यता आणि संख्याशास्त्र अशा शाखा पाहतात. हिशेबाचे आणि आकडेमोडीचे पेपर पुष्कळ झाले म्हणून गणित झालं, असं ते धरत नाहीत.
- फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषा शिकवायच्या असतील तर भाषा ठरावीक पातळीपर्यंत येते याचा पुरावा लागतो, आणि ती भाषा बोलणाऱ्या देशात काही काळ राहिल्याचाही.

मुंबई विद्यापीठात शिकलेल्या मंडळींना हे असं समजावता येईल. टी.वाय.बी.ए.ला काही जण एकाच विषयाचे सहा पेपर घ्यायचे, काही जण दोन विषयांचे तीन-तीन. आयर्लंडचा माणूस तुमची गुणपत्रिका हातात घेऊन नेमकं हेच पाहतो: कुठला विषय, किती पेपर, कुठल्या वर्षी.

काही उदाहरणं पाहू.

इतिहास आणि इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्या मुलीला सहसा अडचण येत नाही. दोन्ही शाळेचे विषय आहेत आणि दोन्हींचे क्रेडिट बहुधा भरतात. दोन विषय असले की पुढे नोकरीलाही बरं पडतं, कारण शाळेला एकाच शिक्षकाकडून दोन विषय करून घेता येतात.

मानसशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळवलेली मुलगी मात्र अडते. मानसशास्त्र लिव्हिंग सर्टिफिकेटला विषयच नाही. कायदा आणि नर्सिंग यांचंही तसंच. मुलगी हुशार, पदवी ऑनर्सची, पण शिकवणार काय, असा प्रश्न उभा राहतो.

कॉमर्सवाल्यांना बिझनेस, अकाउंटिंग आणि अर्थशास्त्र हे विषय आहेत, पण प्रत्येकाची मोजणी वेगळी होते. इंजिनियरला गणित किंवा भौतिकशास्त्र मिळू शकतं, मात्र त्याच्या पदवीत त्या विषयांचे पेपर खरोखर किती होते ते उकलून दाखवावं लागतं. कॉम्प्युटर सायन्स २०१८ पासून लिव्हिंग सर्टिफिकेटचा विषय झाला आहे, त्यामुळे आय.टी.वाल्यांनाही एक दार उघडलं आहे. बायोटेक्नॉलॉजी केलेल्यांनी सावध असावं. शाळेच्या जीवशास्त्रात वनस्पती, प्राणी, परिसर सगळंच येतं, आणि त्यांच्या पदवीत कधी कधी जीवशास्त्राचा एखादाच कोपरा झालेला असतो.

आपल्या लोकांना ऐकून बरं वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे लिव्हिंग सर्टिफिकेटच्या विषयांच्या यादीत हिब्रू स्टडीज आहे. घेणारी मुलं अगदी मोजकी, त्यामुळे तेवढ्याच एका विषयावर नोकरीची आशा धरू नये. मराठी त्या यादीत नाही.

दोन वाटा

पहिली वाट, आधी पदवी आणि मग प्रशिक्षण. पदवीनंतर प्रोफेशनल मास्टर ऑफ एज्युकेशन, थोडक्यात पी.एम.ई., करायचं. ते दोन वर्षांचं, १२० क्रेडिटचं आणि नवव्या पायरीचं आहे. २०१४ पूर्वी इथे एका वर्षाचा हायर डिप्लोमा होता, तिथले जुने लोक अजून त्याला 'एच-डिप' म्हणतात. आपल्या बी.टी.सारखंच ते नाव, लोकांच्या तोंडून जात नाही. पी.एम.ई.मध्ये शिक्षणशास्त्र शिकवतात आणि निदान दोन वेगवेगळ्या शाळांत प्रत्यक्ष शिकवायला पाठवतात.

मलिंगारहून विचार केला तर मेनूथ विद्यापीठ सगळ्यात सोयीचं. ते डब्लिनच्या त्याच रेल्वेमार्गावर आहे, पाऊण-एक तासात पोचता येतं, म्हणजे घरी राहून शिकता येतं. डब्लिनला ट्रिनिटी, यूसीडी आणि डीसीयू आहेत. हिबर्निया कॉलेजचा अभ्यासक्रम बराचसा ऑनलाइन आणि काही प्रत्यक्ष असा आहे. घर किंवा लहान मूल सांभाळून शिकणाऱ्या सुनेला तो बरा पडू शकतो.

दुसरी वाट, विषय आणि प्रशिक्षण एकत्र. लिव्हिंग सर्टिफिकेट झाल्याबरोबर चार वर्षांच्या अशा पदवीला जायचं, ज्यात विषयही होतो आणि शिक्षकाचं प्रशिक्षणही. आपल्याकडे म्हैसूर, भोपाळ, अजमेर आणि भुवनेश्वरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थांत असे अभ्यासक्रम पूर्वीपासून आहेत, तसंच हे. मेनूथ आणि डीसीयूला विज्ञान आणि गणिताच्या बाजूचे, लिमरिक विद्यापीठात विज्ञान, तांत्रिक विषय आणि शारीरिक शिक्षणाचे असे अभ्यासक्रम आहेत. गृहशास्त्राच्या शिक्षिका स्लायगोच्या सेंट अँजेलाजमध्ये तयार होतात. मलिंगारहून तीच गाडी उलट्या दिशेने पकडली की स्लायगो येतं. या वाटेने वेळ वाचतो, पैसाही वाचतो, आणि क्रेडिट आधीच मोजून बसवलेले असतात. अट एवढीच की सतरा-अठराव्या वर्षी शिक्षकच व्हायचं हे पक्कं हवं.

भारतातली किंवा इस्रायलची पदवी असेल तर

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या.

एक, भारतातली तीन वर्षांची बी.ए., बी.एससी. किंवा बी.कॉम. ही आयर्लंडच्या ऑनर्सच्या बरोबरीची धरली जाईलच असं नाही. 'नॅरिक आयर्लंड' नावाची सरकारी सोय आहे. परदेशी पदवी तिथल्या कुठल्या पायरीला बसते, ते तिच्यातून समजतं. अर्ज करण्याआधी तिथे पाहून घ्यावं. पुढे एम.ए. किंवा एम.एससी. केलेलं असेल तर तेही दाखवावं, त्याचा उपयोग होऊ शकतो.

दोन, आपल्या जुन्या गुणपत्रिकांवर फक्त गुण असतात, क्रेडिट छापलेले नसतात. म्हणून त्या वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे सिलॅबस, आणि विद्यापीठाची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट लागते. हे काम आयर्लंडमध्ये बसून होत नाही. इथे विद्यापीठात खेटे घालणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम बहुधा आजोबांच्याच वाट्याला येतं. घरातल्या कपाटात जुनं प्रॉस्पेक्टस किंवा सिलॅबसची वही असेल तर रद्दीत घालू नका. दहा वर्षांनी नेमका तोच कागद मागतात.

तीन, ज्यांनी भारतात बी.एड. केलं आहे आणि शिकवलंही आहे, त्यांनी पुन्हा पी.एम.ई.ला जाण्याआधी थेट टीचिंग कौन्सिलकडे आपली पात्रता तपासून घेण्यासाठी अर्ज करावा. इस्रायलमध्ये पदवी आणि शिक्षकाचं प्रमाणपत्र, म्हणजे 'तेउदात होराआ', घेतलेल्यांनाही हेच लागू. कौन्सिल पदवी, विषय आणि प्रशिक्षण तिन्ही पाहते. काही कमी असेल तर अटी घालून नोंदणी देते, किंवा काय भरून काढायचं ते सांगते. आधीच्या देशातल्या शिक्षक म्हणून वागणुकीचा दाखला आणि पोलिसांचा दाखलाही लागतो.

क्रेडिट कमी पडले तर?

वाट बंद होत नाही. कमी पडलेले पेपर एखाद्या मान्यताप्राप्त विद्यापीठातून पदवीच्या पातळीवर स्वतंत्रपणे करता येतात. काही जण नोकरी करता करता ते दूरशिक्षणाने करतात. पैसे भरण्याआधी मात्र 'हे पेपर चालतील' असं उत्तर लेखी घ्यावं. कुणा ओळखीच्याने फोनवर सांगितलं, कुणाच्या मैत्रिणीचं चाललं होतं, यावर भिस्त ठेवू नये. नियम बदलत असतात. विषयांच्या अटी २०२३ पासून नव्या लागू झाल्या, तेव्हा पाच-सात वर्षांपूर्वी ज्याचं काम झालं, त्याचा अनुभव आज तसाच उपयोगी पडेल असं नाही.

टीचिंग कौन्सिल प्रत्येक विषयासाठी एक डिक्लेरेशन फॉर्म देते. त्यात आपले सगळे पेपर आणि त्यांचे क्रेडिट एकेक करून लिहायचे असतात. हा फॉर्म प्रवेशाच्या वेळीच भरायचा अशी समजूत करून घेऊ नये. पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या नातवानेही तो उतरवून घेऊन पेन्सिलीने भरून पाहावा. कुठे रकाना रिकामा राहतो ते तेव्हाच दिसतं, आणि दुसऱ्या वर्षी योग्य पेपर निवडता येतात. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट मुलांना सांगायची झाली तर ही सांगावी.

खर्चाचं काय?

पहिली पदवी करणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांची शिकवणी फी आयर्लंडचं सरकार भरतं, पण ती सवलत पी.एम.ई.ला नाही. दोन वर्षांची फी हजारो युरोंत जाते, आणि शाळेत शिकवायला पाठवतात तेव्हा दुसरी नोकरी करायला वेळही फारसा उरत नाही. युरोपीय दराने फी लागेल की परदेशी विद्यार्थ्याच्या दराने, हे आयर्लंडमध्ये किती वर्षं राहिलो आणि कुठल्या परवान्यावर राहिलो यावर ठरतं. दुसरा दर पुष्कळ जास्त असतो. उत्पन्न कमी असेल तर सुसी या सरकारी योजनेतून मदत मिळू शकते.

प्रशिक्षणानंतर

पी.एम.ई. झालं की टीचिंग कौन्सिलची नोंदणी करायची. पोलिसांची तपासणी होते, तिला तिथे गार्डा व्हेटिंग म्हणतात. नव्या शिक्षकाला पहिल्या नोकरीत 'द्रोहेद' नावाचा उमेदवारीचा टप्पा पुरा करावा लागतो. या आयरिश शब्दाचा अर्थ पूल. त्यात शाळेतलेच अनुभवी शिक्षक नव्या माणसाला सांभाळून घेतात. पुढे नोंदणी दरवर्षी फी भरून चालू ठेवायची.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आयरिश भाषा यावी लागते का?*
प्राथमिक शाळेत शिकवायचं तर हो, आणि चांगली यावी लागते. माध्यमिक शाळेत नाही. आयरिश हाच विषय शिकवायचा असेल किंवा शाळाच आयरिश माध्यमाची असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे बाहेरून आलेल्यांना माध्यमिकची वाट सोपी पडते.

*शाळा बहुतेक ख्रिस्ती संस्थांच्या. आपल्या मुलीला घेतील का?*
बऱ्याच शाळा कॅथलिक संस्थांच्या आहेत हे खरं. नोकरीतल्या समानतेचा कायदा १९९८ पासून आहे. धार्मिक संस्थांना त्यात जी सूट होती, ती २०१५ च्या दुरुस्तीने बरीच आवळली आहे. गणित किंवा विज्ञान शिकवायला धर्म आड येण्याचं कारण नाही. शिवाय मलिंगार कम्युनिटी कॉलेजसारख्या शाळा सरकारी शिक्षण मंडळाच्या आहेत. डब्लिनला रॅथगारमध्ये स्ट्रॅटफर्ड कॉलेज आहे. १९५४ साली तिथल्या यहुदी समाजाने ती शाळा काढली आणि आज तिथे सर्व धर्मांची मुलं शिकतात.

*शब्बाथचं कसं होतं?*
शाळा सोमवार ते शुक्रवार असतात, म्हणून शनिवार मोकळा मिळतो. अडचण येते ती हिवाळ्यातल्या शुक्रवारी. डिसेंबरात मलिंगारला सूर्य चारच्या सुमारास मावळतो. मेनूथहून दुपारचा तास संपवून गाडी पकडली तर दिवे लावायच्या वेळेला घरी पोचणं कठीण. वेळापत्रक लागण्याआधीच, सप्टेंबरात, विभागात सांगून ठेवावं. तेव्हाच नव्याचा सण आणि दारफळणीचा सण येतात, आणि नेमके तेच शाळेत शिकवायला पाठवण्याचे पहिले आठवडे असतात. तारखा आधी लिहून दिल्या तर समजून घेतात. ऐनवेळी सांगितलं तर मुलीलाच संकोच होतो.

आजी-आजोबांनी फोनवर काय विचारावं?

"अभ्यास कसा चाललाय?" याला मुलं "बरा चाललाय" एवढंच म्हणतात. त्यापेक्षा हे विचारा:

१. तुझी पदवी सातव्या पायरीची की आठव्या?
२. शाळेत शिकवतात असा कुठला विषय तुझ्या पदवीत आहे?
३. त्याचे क्रेडिट साठ भरतात का, आणि तिसऱ्या वर्षाचे किती?
४. विषयाचा डिक्लेरेशन फॉर्म भरून पाहिलास का?
५. विद्यापीठाकडून किंवा कौन्सिलकडून लेखी उत्तर घेतलंस का?
६. इथून कुठले कागद काढून पाठवायचे आहेत?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तेवढं काम आपल्या हातातलं आहे. नात बी.ए. झाली म्हणून पेढे जरूर वाटावे. पण ती अजून पहिल्या वर्षाला असेल, तर वरचे सहा प्रश्न आजच कागदावर उतरवून फोनजवळ ठेवा. आपल्या रिबेकाबाईंना शिकवण्याचं शिक्षण घ्यायला समुद्र ओलांडून इंग्लंड गाठावं लागलं होतं. मलिंगारच्या मुलीला मेनूथपर्यंतची गाडी पुरते, फक्त तिकीट काढण्याआधी तिचे विषय मोजलेले हवेत.